गोळी आणि पंचनामा

(दृश्य : पुणे, कोरेगाव पार्क, नॉर्थ मेन रोड, पहाट. रस्ता झाडणारी बाई, बंद शटर.)

१३ फेब्रुवारी २०१० च्या शनिवारी संध्याकाळी या रस्त्यावरच्या जर्मन बेकरीत कोणीतरी ठेवून गेलेल्या बॅगेचा स्फोट झाला आणि १७ माणसे गेली. पुढे ऑगस्ट २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावर आणि जुलै २०१४ मध्ये फरासखाना पोलीस ठाण्याच्या वाहनतळावर स्फोट झाले. बेवारस पिशवी दिसली की चार पावले मागे सरकायची सवय या शहराला तेव्हापासून लागली. अशा शहराला पोलिसाच्या कमरेचे पिस्तूल आधाराचे वाटते, आणि ते चालले तर कोणावर व कशासाठी चालले, असे विचारणारा माणूस थोडा परका वाटू लागतो.

(दृश्य : कोथरूड, मध्यरात्रीनंतर. गस्तीची दुचाकी, विजेरीचा झोत, लावून ठेवलेल्या गाड्यांची रांग.)

जुलै २०२३ मधल्या अशाच एका रात्री कोथरूडच्या बीट मार्शलनी, म्हणजे दुचाकीवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांनी, दुचाकी चोरण्याच्या प्रयत्नात असलेल्या तिघांना हटकले. घरझडतीसाठी कोंढव्याकडे नेताना त्यांपैकी एक निसटला. गाडीचोर म्हणून पकडलेले उरलेले दोघे राजस्थानातील स्फोटकांच्या एका प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेला हवे होते, हे चौकशीत उघड झाले. निसटलेला तिसरा ऑक्टोबरमध्ये दिल्लीत सापडला आणि पुण्यातही आणखी अटका झाल्या. त्यांच्यावरील आरोप हा न्यायालयाचा विषय आहे. आपल्या विषयापुरते एवढेच पुरे, की जिवंत हाती लागलेल्या माणसाकडून पत्ते, फोन आणि पुढची नावे मिळतात.

(दृश्य : पुण्यातील एका विधी महाविद्यालयाचा वर्ग. फळ्यावर खडूने काढलेला नकाशा. विद्यार्थिनीचे बोट रेषेवरून सरकते.)

हा नकाशा लंडनचा आहे. ७ जुलै २००५ रोजी तेथे चार आत्मघाती हल्लेखोरांनी ५२ जणांचे प्राण घेतले, आणि दोनच आठवड्यांनी, २१ जुलैला, आणखी चौघांनी तसाच प्रयत्न केला. मात्र त्यांचे बॉम्ब फुटले नाहीत आणि चौघेही पळाले. मागे राहिलेल्या एका पिशवीत व्यायामशाळेचे ओळखपत्र सापडले, त्यावरून स्कोशिया रोडवरच्या एका इमारतीचा पत्ता मिळाला, आणि २२ जुलैच्या पहाटे त्या इमारतीच्या सामाईक दारावर पाळत बसली. त्याच दारातून साडेनऊच्या सुमारास ज्याँ शार्ल्स दि मेनेझेस हा २७ वर्षांचा ब्राझिलियन वायरमन कामाला निघाला. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला इमारतीपासून काही अंतरावर थांबवून तपासायचे, असे ठरले होते. पण त्यासाठी लागणारे सशस्त्र पथक वेळेत पोहोचलेच नव्हते. दारावर नजर ठेवणारा जवान नेमका त्या क्षणी लघुशंकेला गेला होता, त्यामुळे ओळख पटवण्यासाठी मेनेझेसचे चित्रीकरण करता आले नाही.

फळ्यावरची रेषा आता बसच्या मार्गाने जाते, पाळतीवरचे पोलीस मागोमाग. ब्रिक्स्टनला मेनेझेस उतरला, स्टेशन बंद दिसले म्हणून पुन्हा त्याच बसमध्ये चढला. ज्याच्या मनात संशय पक्का बसला आहे, त्याला हे पाठलाग चुकवणे वाटले. पुण्यात स्वारगेटला उतरून चुकीची बस धरलेल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटले नसते. स्टॉकवेल स्टेशनात त्याने फुकटचे वर्तमानपत्र उचलले, पास लावून तो आत गेला, सरकत्या जिन्याने उतरला आणि समोर लागलेली गाडी पकडण्यासाठी शेवटची काही पावले धावला. आत्मघाती हल्लेखोराच्या छातीवर गोळी झाडली तर अंगावरचा बॉम्ब फुटू शकतो, म्हणून थेट डोक्यावर झाडायची, हे धोरण लंडनच्या पोलिसांनी आधीच आखून ठेवले होते. डब्यात बसलेल्या मेनेझेसच्या डोक्यात सात गोळ्या झाडल्या गेल्या. तो जाड जाकीट घालून होता आणि फाटकावरून उडी मारून पळाला, असे पहिल्या बातम्यांत सांगितले गेले. दोन्ही गोष्टी खोट्या ठरल्या. आरोग्य व सुरक्षा कायद्याखाली पोलीस दलाला १ लाख ७५ हजार पौंडांचा दंड झाला. एकाही अधिकाऱ्यावर व्यक्तिशः खटला चालला नाही.

(दृश्य : पाषाण रस्ता, चव्हाणनगर. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे प्रवेशद्वार. फायलींचे गठ्ठे, लाल फीत.)

मराठीत आपण अशा प्रसंगाला सरसकट चकमक म्हणतो. चकमक म्हणजे ठिणगीचा दगड. आपटायला समोर दुसरे काही असल्याशिवाय त्यातून ठिणगी पडत नाही. दोन्ही बाजूंनी गोळीबार झाला, हे त्या शब्दातच गृहीत आहे, आणि ज्या गोष्टीची चौकशी व्हायची ती पहिल्या बातमीच्या मथळ्यातच सिद्ध होऊन बसते.

चौकशी कशी व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी ठरवून दिले. ते प्रकरण महाराष्ट्राचेच होते : १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या ९९ चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे १३५ माणसे. न्यायालयाने घालून दिलेल्या १६ सूचनांनुसार आधी मिळालेली खबर लेखी नोंदवावी लागते. मृत्यू झाल्यास गुन्हा दाखल करून अहवाल न्यायालयाकडे पाठवावा लागतो. तपास गोळी झाडणाऱ्या पथकाकडे न राहता गुन्हे अन्वेषण विभागाकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे जातो. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयातील दोन डॉक्टरांनी करायचे आणि त्याचे चित्रीकरण ठेवायचे, पोलिसांनी आपली शस्त्रे तपासणीसाठी जमा करायची, दंडाधिकाऱ्याची चौकशी टाळायची नाही, आणि घटनेच्या पाठोपाठ संबंधितांना बढती किंवा शौर्यपदक द्यायचे नाही. ही शेवटची सूचना मुद्दाम लिहावी लागली, यातच बरेच काही आले.

पोलिसाला स्वसंरक्षणाचा हक्क आहे आणि तो असलाच पाहिजे. अंधारात समोरच्याच्या हातात काय आहे हे ओळखायला त्याला एखादाच श्वास मिळतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याचे, कलम ४३ अटकेसाठी बळ वापरू देते. मात्र ज्याच्यावर फाशीच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही, असेही बजावते. दहशतवादाच्या आरोपात फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, त्यामुळे तिथे नेमके हेच कुंपण गळून पडते, म्हणून पुढच्या चौकशीवरच सारी भिस्त राहते.

(दृश्य : येरवडा कारागृहाची दगडी भिंत, दुपार.)

२१ नोव्हेंबर २०१२ रोजी या भिंतीआड अजमल कसाबला फाशी झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील दहा जणांपैकी तो एकटा जिवंत सापडला, कारण गिरगाव चौपाटीवर हाती फक्त लाठी असलेल्या सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर घेत त्याच्या बंदुकीची नळी सोडली नाही. कराचीहून निघालेल्या बोटीपासूनचा कट न्यायालयात मांडता आला तो त्या पकडीमुळे, आणि त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटलेही.

(दृश्य : शिवाजीनगर, जिल्हा व सत्र न्यायालय. जिना, काळे कोट, पुकारा.)

जर्मन बेकरी खटल्यातील एका आरोपीला २०१३ मध्ये या न्यायालयाने फाशी सुनावली. मार्च २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्फोटाचा आणि कटाचा आरोप सिद्ध होत नाही असे म्हणत ती फाशी रद्द केली आणि स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी कायम ठेवली. २०१० मध्ये अटकेच्या वेळी त्याला गोळी लागली असती, तर हे निकालपत्र लिहिले गेले नसते.

(दृश्य : पुकारा करणारा शिपाई दुसऱ्यांदा नाव घेतो. जिन्यावरून कोणी वर येत नाही. कॅमेरा थांबतो.)