टॉवरच्या डोक्यावरचा भार

नमस्कार श्रोतेहो. मोठा सामना संपतो, हजारो माणसं एकदम मैदानाबाहेर पडतात आणि जो तो खिशातून फोन काढतो. रेंजच्या सगळ्या दांड्या दिसत असतात, पण दोन शब्दांचा मेसेज काही केल्या जात नाही. दांड्या खोटं बोलत नसतात. टॉवरचा आवाज फोनपर्यंत किती खणखणीत येतोय, एवढंच त्या सांगतात. आपलं ऐकायला टॉवरला सवड आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नसतं. आज बोलायचंय ते या सवडीबद्दल.

टॉवरचं डोकं म्हणजे बेसबँड युनिट, प्रोसेसर भरलेली एक पेटी. तिच्याकडे दोन तऱ्हेची कामं येतात. पहिलं काम आपला डेटा इकडून तिकडे नेण्याचं. फोरजीमध्ये ही पेटी दर मिलिसेकंदाला ठरवते, की आत्ता कुणाला किती वाटा द्यायचा. दुसरं काम सिग्नलिंगचं: कोण आलं, कोण गेलं, कुणाला जोडायचं, कुणाला शेजारच्या सेलकडे, म्हणजे शेजारच्या अँटेनाच्या हद्दीत, सोपवायचं. स्पीडच्या जाहिराती सगळ्या पहिल्या कामाच्या असतात. गर्दीत दगा देतं ते बहुतेकदा दुसरं.

तो दोन शब्दांचा मेसेजच घ्या. फोन खिशात निजलेला असतो तेव्हा टॉवरशी त्याची जोडणी नसते. मेसेज पाठवायचा म्हटलं, की तो आधी एक ठरावीक हाक देतो. फोरजीच्या एका सेलमध्ये अशा हाका ६४ असतात. त्यातल्या काही राखीव, उरलेल्यांपैकी कुठलीही एक फोन चिठ्ठी उचलल्यासारखी निवडतो. दोन फोनांनी एकाच वेळी तीच हाक दिली, तर त्यांची टक्कर होते आणि निदान एकाला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हाक ऐकू आली, तर टॉवर वेळ नेमून देतो, मग विनंती, मंजुरी, ओळख पटवणं, सुरक्षेच्या किल्ल्या, डेटाची वाट उघडणं. मागच्या कोअर नेटवर्कशी, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेशीही, बोलणी होतात. इतकी देवाणघेवाण झाल्यावर आपले दोन शब्द क्षणात निघून जातात. पुढे काही सेकंद शांतता राहिली, की टॉवर जोडणी सोडतो. पाच मिनिटांनी एखादं ॲप 'मी जागा आहे' एवढंच कळवायला उठलं, की सगळं पुन्हा.

म्हणून दोन तास सिनेमा बघणारा माणूस प्रोसेसरच्या दृष्टीने सज्जन. एकदा जोडणी झाली, की तो गप्प बसून डेटा घेत राहतो. खिशातल्या खिशात सारखी उठबस करणारी ॲप्स डेटा नगण्य वापरतात आणि डोकं खातात.

मग जोडणी लवकर सोडूच नये का? तसं केलं, तर फोनची बॅटरी उतरते आणि टॉवरच्या खात्यावर रिकामटेकड्या जोडण्या साचतात. लवकर सोडली, तर सिग्नलिंग वाढतं. फाइव्हजीने यावर मधली एक अवस्था आणली. फोन विसावतो, पण त्याची माहिती तो आणि टॉवर दोघंही जपून ठेवतात, त्यामुळे पुन्हा जागं होणं थोडक्यात आटोपतं. मला विचाराल, तर फाइव्हजीतली ही सोय स्पीडइतकीच मोलाची आहे. तिची जाहिरात मात्र कुणी करणार नाही.

आता गर्दीच्या क्षणी आत काय होतं ते पाहू. विनंती पाठवल्यावर फोन ठरावीक वेळच वाट पाहतो. ही मुदत फोरजीमध्ये १०० मिलिसेकंद ते २ सेकंद यांच्या दरम्यान कुठेतरी ठेवलेली असते. प्रोसेसरपुढची रांग तीन सेकंदांची झाली, की पंचाईत. ज्याची पाळी आली, तो केव्हाच कंटाळून निघून गेलेला असतो, किंवा नव्या विनंतीसह रांगेच्या शेवटी उभा असतो. खिडकीतला कारकून गेलेल्या माणसांचीच नावं पुकारत बसावा, तसं हे चालतं. प्रोसेसर शंभर टक्के व्यग्र, आणि एकही जोडणी पुरी होत नाही. शिवाय प्रत्येक फसलेला फोन पुन्हा हाक देतो, म्हणजे रांग आपली आपणच वाढते.

इथे रांगेची शिस्त पाळणं घातक ठरतं. शिळ्या विनंत्या न उघडताच फेकून द्याव्या लागतात. आणि नकार द्यायचा, तर तो दारातच द्यावा. अर्धी जोडणी करून मग 'नाही' म्हणणं सगळ्यात महाग पडतं, कारण मेहनत झालेली असते आणि हाती काही लागत नाही. फोरजीचा टॉवर पहिल्याच विनंतीला नकार देऊन '१ ते १६ सेकंद थांब' असं सांगू शकतो. एक निरोप आला, एक गेला, काम संपलं.

याहून स्वस्त युक्ती म्हणजे फोनला तोंडच उघडू न देणं. टॉवर सगळ्यांना ऐकू जाईल असा एक आकडा जाहीर करतो, समजा ०.५. बोलू पाहणारा प्रत्येक फोन स्वतःशीच शून्य ते एकमधला एक आकडा काढतो. तो ०.५ पेक्षा कमी निघाला, तर पुढे जायचं, नाहीतर थांबायचं. थांबायचा काळही प्रत्येकाचा थोडा वेगळा, म्हणजे सगळे पुन्हा एकदम अंगावर येत नाहीत. अर्धी गर्दी प्रोसेसरला न शिवता परस्पर ओसरते. पोलीस, रुग्णवाहिका अशा सेवांसाठी वेगळे वर्ग राखलेले असतात, आणि आणीबाणीच्या कॉलवरची बंदी हा तर निराळाच खटका असतो. आत आलेल्या कामांतही चालू कॉल आणि हँडओव्हर, म्हणजे एका सेलकडून दुसऱ्याकडे सोपवणं, हे आधी, नवे नंतर. बोलता बोलता तुटलेला कॉल, न लागलेल्या कॉलपेक्षा माणसाला जास्त झोंबतो.

हँडओव्हरचंही एक दुखणं आहे. दोन सेलच्या सीमेवर उभा असलेला फोन क्षणात इकडे, क्षणात तिकडे झुलतो आणि दरवेळी दोन्हीकडच्या प्रोसेसरना कामाला लावतो. म्हणून शेजारचा सिग्नल काही डेसिबलने सरस असावा आणि तो थोडा वेळ तसा टिकावा, अशी अट घालतात. अट फार कडक केली, तर धावत्या गाडीतला कॉल तुटतो.

हा लोंढा टॉवरपाशी थांबत नाही, मागे कोअरपर्यंत जातो. २५ जानेवारी २०१२ रोजी टोकियोमध्ये एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीची सेवा काही तास कोलमडली, सुमारे २५ लाख ग्राहकांना फटका बसला. नुकतंच बसवलेलं पॅकेट एक्स्चेंज, म्हणजे डेटाची ये-जा सांभाळणारं कोअरमधलं यंत्र, जुन्यापेक्षा जास्त फोन एकाच वेळी सांभाळू शकत होतं, पण तासाभरात येणारे कंट्रोल सिग्नल, म्हणजे सिग्नलिंगचे निरोप, त्याला झेपले नाहीत. माणसं मोजली, त्यांच्या हाका मोजायच्या राहिल्या.

जुलै २०२२ मध्ये जपानच्याच केडीडीआय या मोबाइल कंपनीत राउटरच्या कामात व्हॉइसचा मार्ग जेमतेम १५ मिनिटं तुटला. मार्ग पूर्ववत केला, पण तोवर असंख्य फोन पुन्हा नोंदणीसाठी धडकू लागले होते. सेवा रुळावर यायला ६० तासांहून जास्त लागले. म्हणूनच बंद पडलेलं नेटवर्क उघडताना अनुभवी इंजिनिअर दार सताड उघडत नाहीत. जाहीर करायचा तो आकडा ०.०५ वरून सुरू करतात, प्रोसेसरचा लोड पाहतात, मग ०.१, मग ०.२.

जाता जाता एक सांगतो. गर्दीत मेसेज अडकला, की बरेच जण फ्लाइट मोड चालू-बंद करत राहतात. फोन स्वतः अडकला असेल, तर त्याचा उपयोग होतो. पण नेटवर्कच तुंबलेलं असेल, तर त्या प्रत्येक खटक्याला तुमचा फोन नोंदणी मोडून नव्याने करतो, आणि नवी नोंदणी हे सिग्नलिंगमधल्या सगळ्यात जड कामांपैकी एक. त्यापेक्षा फोन दहा मिनिटं खिशात ठेवलेला बरा. नमस्कार.