आधी मांडी बघा, रंग नंतर

मंडळी, पावसाळ्यात बेळगावकडच्या जांबोटीच्या पुढं कुठल्याही ओहोळाकाठी घटकाभर बसा. तोंडासमोर चिलटांचा थवा घोंगावतो, आपण हात झाडतो आणि उठून चालू लागतो. आपण ज्यांना सरसकट चिलटं म्हणतो, त्यांत काही शिकारी माश्या असतात. त्यांना डान्स फ्लाय म्हणतात, आपण नाचऱ्या माश्या म्हणू.

हे नाव थव्यानं हवेत नाचणाऱ्यांवरून पडलं. हिलारा वंशातल्या नराच्या पुढच्या पावलाचा एक सांधा फुगीर असतो, त्यातून रेशीम निघतं. धरलेला किडा त्या रेशमात गुंडाळून तो मादीला देतो. पण मी ज्यांच्यामागं लागलोय त्या लहान माश्या, हायबोटिडी कुळातल्या. त्यांतल्या पुष्कळ नाचतच नाहीत. पानावर, खोडावर सुसाट धावतात आणि धावता धावता शिकार पकडतात. जगभरात यांच्या सुमारे 2,000 जाती नोंदल्या गेल्यात, आणि कित्येक दोन-तीन मिलिमीटरच्याच आहेत.

ओळखायच्या कशा? आधी पंख उजेडात धरा. थोरल्या कुळात, एम्पिडिडीत, पंखाच्या टोकाकडं जाणारी एक शीर बहुधा दुभंगते, गुलेरीच्या बेचक्यासारखी. हायबोटिडीत ती दुभंगत नाही, सरळ कडेपर्यंत जाते. जुन्या पुस्तकांत या सगळ्या माश्या एकाच कुळात कोंबलेल्या दिसतील. कीटकशास्त्रज्ञ मिलान ख्वाला यांनी 1983 साली हायबोटिडी हे वेगळं कुळ मानलं. पुढं 2006 साली सिंक्लेअर आणि कमिंग यांनी साऱ्या गणगोताची नव्यानं मांडणी केली. म्हणून जुनी किल्ली, म्हणजे ओळख पटवायची खुणांची यादी, हातात घेतली की ती कुठल्या सालची, हे आधी बघावं लागतं.

आता पाय. माझ्या मते खरी गंमत इथंच आहे. शिकार धरायला कुठली मांडी जाड झालीय? हायबॉस वंशात मागची, खाली काट्यांच्या रांगा. प्लॅटिपाल्पसमध्ये मधली, आणि तिच्याखालच्या नडगीच्या टोकाला बऱ्याचदा अणकुचीदार काटा. टॅकिड्रोमियात पुढची. काम एकच, पण प्रत्येकानं वेगळा पाय त्यासाठी घडवलाय. मला हे पहिल्यांदा दिसलं त्या रात्री झोप लागली नाही.

त्याहून बारीक एलाफ्रोपेझा आणि ड्रापेटिस हे वंश. या दोघींच्या पंखांत मधला बंद कप्पा नसतो. एलाफ्रोपेझाच्या मागच्या नडगीवर ठळक राठ केस असतात, ड्रापेटिसला ते नसतात. रंगावर मात्र भिस्त ठेवू नका. कणकुंबीला मलप्रभेच्या काठी पिवळ्या थाळीत साबणाचं पाणी ठेवून मी काही माश्या धरल्या. त्यांतल्या फिकट दोन मी वेगळी जात म्हणून बाजूला काढल्या, वर्षभर तसंच समजत राहिलो. त्या नुकत्याच कोषातून निघालेल्या होत्या, रंग भरायचा होता एवढंच. ती चूक मला अजून टोचते, कारण तोवर मी ती दोन ठिकाणी सांगून बसलो होतो.

जातीचा शेवटचा निकाल बहुतेक वेळा नराच्या जननांगावर लागतो. ते वेगळं काढून, मऊ करून, काचेवर तपासावं लागतं. एकटी मादी सापडली तर कित्येकदा वंशापर्यंतच थांबावं, आणि तसं प्रामाणिकपणे लिहावं.

आपल्याच भागातल्या बारापेड्याच्या गुहेतलं वटवाघूळ 1913 साली प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी शास्त्राच्या खात्यात नोंदवलं. तो प्राणी हातात मावतो तरी. या माश्यांना भिंगच लागतं. कुणी गोळा करणार असाल तर चिठ्ठीवर गाव, ओहोळ आणि तारीख पेन्सिलीनं लिहा, अल्कोहोलमध्ये पेनची शाई विरघळून जाते.

मागच्या टेबलावर दोन सूक्ष्मदर्शक लावलेत. डावीकडं हायबॉस आहे, तिची मागची मांडी बघा. उजवीकडं त्या दोन फिकट माश्या आहेत.