लोनवरचा मिडफिल्डर : ठेवायचा की परत पाठवायचा?

(कोल्हापुरात फुटबॉलप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून ठरावीक मुदतीसाठी उसना आलेला तरुण मिडफिल्डर, म्हणजे मध्यफळीतला खेळाडू, क्लबनं कायमचा विकत घ्यावा का? त्यासाठी मी एकच खेळाडू निवडलाय, मार्टिन ओडेगार्ड. लंडनच्या आर्सेनल क्लबनं त्याला जानेवारी २०२१ मध्ये स्पेनच्या रिअल माद्रिदकडून लोनवर आणलं आणि ऑगस्टमध्ये विकत घेतलं. समोर आर्सेनलवाले बरेच दिसतायत, लिव्हरपूलवाले मागच्या रांगेत गठ्ठ्यानं बसलेत, मँचेस्टर युनायटेडवाले दाराजवळ आहेत. पाटाकडील आणि दिलबहार या गावातल्या कट्टर प्रतिस्पर्धी संघांची माणसं आज शेजारी शेजारी बसलीत, म्हणजे तुम्हालाही तासभर गुण्यागोविंदानं बसायला हरकत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मिडफिल्डरची खरेदी त्याच्या गोलांवरून ठरवू नये. तो मैदानात असताना बाकीचे दहा जण कसे खेळतात, त्यावरून ठरवावी. ऐकायला सोपं वाटतं, पण दर उन्हाळ्यात मोठमोठे क्लब याच्या नेमकं उलट वागतात आणि तरुण पोरांची दोन-दोन, तीन-तीन वर्षं वाया घालवतात. मला याचा मनापासून राग आहे.

ओडेगार्ड नॉर्वेतल्या ड्रामेनचा. स्ट्रॉम्सगोडसेट हा त्याचा क्लब, वडीलही तिथंच खेळलेले. २०१४ मध्ये पंधराव्या वर्षी तो देशाकडून खेळला. सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर महिनाभरानं, जानेवारी २०१५ मध्ये, रिअल माद्रिदनं त्याला उचललं. सगळ्या युरोपनं गाजावाजा केला आणि पुढं काय? हॉलंडमध्ये आधी हीरेनवेन, मग व्हिटेस, मग स्पेनमध्ये रिअल सोसिएदाद. सगळं लोनवर. सोसिएदादमध्ये पोरगं खऱ्या अर्थानं फुललं. फेब्रुवारी २०२० मध्ये कोपा देल रे या स्पेनच्या कप स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत सोसिएदादनं माद्रिदला त्यांच्याच मैदानावर, बर्नाबेऊवर, ४-३ असं हरवलं. त्यातला पहिला गोल याचा, आपल्याच मालक क्लबाविरुद्ध. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये हे घडूच शकत नाही. लोनवरच्या खेळाडूला तिथं मूळ क्लबाविरुद्ध उतरता येत नाही. मला तो नियम पटत नाही. पोराचा कस कुठं लागतो हे बघायचं असेल तर ज्यांनी त्याला बाहेर बसवलं, त्यांच्यासमोरच खेळवा की! पण तो वेगळा विषय आहे, तो पुन्हा कधीतरी.

सोसिएदादचं लोन दोन वर्षांचं असेल असंच सगळे धरून चालले होते. माद्रिदनं त्याला एका वर्षात परत बोलावलं आणि कोच झिदाननं फारसं खेळवलं नाही. म्हणून बावीस वर्षांचा हा पोरगा लंडनला आला, तो चौथ्या लोनवर. आर्सेनलचा मिडफिल्डर ओझिल त्याच महिन्यात क्लब सोडून तुर्कीच्या फेनरबाचेला गेला होता. आर्सेनलचे कोच आर्टेटा यांच्या संघाची अवस्था तुम्हाला आठवत असेल. डिसेंबरमध्ये वीस संघांच्या लीगमध्ये पंधराव्या स्थानापर्यंत घसरले होते. शेवटी आठवे आले.

मे महिन्यात याचा हिशेब काय निघाला? २० सामने, २ गोल. एक ऑलिंपियाकोसविरुद्ध लांबून मारलेला आणि तीन दिवसांनी एक टॉटनहॅमविरुद्ध, डिफेंडरच्या पायाला लागून आत गेलेला. एवढ्यावर सुमारे ३ कोटी पौंड मोजायचे? आपल्याकडच्या कट्ट्यावर तेव्हा बहुतेक जण नाहीच म्हणत होते.

आता २१ मार्च २०२१चा सामना बघू, वेस्ट हॅमविरुद्ध, त्यांच्या मैदानावर. कोरोनामुळं स्टँड रिकामे. ३२ मिनिटांत आर्सेनल ०-३ नं मागं. पहिला गोल कुणाचा? जेसी लिंगार्डचा. तोही लोनवरच, युनायटेडकडून आलेला, त्याच जानेवारीत! एकाच हिरवळीवर लोनवरचे दोन मिडफिल्डर. त्या हंगामात लिंगार्डनं लीगच्या १६ सामन्यांत ९ गोल केले आणि वर्तमानपत्रं त्याच्यावर ओसंडून वाहत होती.

आर्सेनलनं तो सामना ३-३ असा सोडवला. दोन स्वयंगोल, तिसरा लाकाझेतनं हेडरनं केलेला, त्याला पास पेपेचा. ओडेगार्डच्या नावापुढं गोल शून्य आणि असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास, तेही शून्य. आकडे बघणाऱ्यानं पान उलटलं असतं. पण सामना पुन्हा बघा आणि चेंडूवरची नजर काढून फक्त त्याच्यावर ठेवा. उजव्या बाजूला तो आपल्याच संघातल्या चेम्बर्सच्या पुढ्यात येतो, समोरचे दोन डिफेंडर स्वतःकडं ओढून घेतो आणि चेम्बर्सला धावायला मोकळी गल्ली मिळते. दुसरा गोल त्याच गल्लीतून आलेल्या क्रॉसवर झाला. चेंडू गेला की पहिला मागं पळणारा हाच. कुणी कुठं उभं राहायचं ते बोट दाखवून सांगणाराही हाच. लोनवर आलेला, कराराप्रमाणं दोन महिन्यांनी परत जाणारा पोरगा!

आणि मान बघा त्याची. चेंडू पायाशी येण्याआधी दोन-तीनदा खांद्यावरून मागं बघतो. त्याच्याच देशाच्या गेइर योर्डेट या संशोधकानं या मागं बघण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. जो जास्त बघतो त्याचे पुढचे पास जास्त पोहोचतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. हे चार मिनिटांच्या हायलाइट्समध्ये दिसणार कुठून? कॅमेरा चेंडूवर असतो. मिडफिल्डरची निम्मी कामगिरी चेंडू येण्याआधी होऊन गेलेली असते. मोबाइलवर तुकडे बघून खेळाडूवर निकाल देणारी पिढी तयार झालीय. त्यातली बरीच मंडळी आपल्याच घरातली आहेत, म्हणून मी हे हक्कानं बोलतोय.

आता जरा घरचं सांगतो. गावातल्याच एका संघाची गोष्ट आहे, नाव घेणार नाही. गडहिंग्लजकडचा एक पोरगा त्यांनी हंगामापुरता बोलावला होता. मी तेव्हा सराव बघायला रोज जायचो, कोचला थोडीफार मदतही करायचो. अंगानं किडकिडीत पोरगं. मोजे घोट्यावर लोळतायत, शर्ट खांद्यावरून उतरतोय. पहिल्या दिवशी सगळे हसले. पण चेंडू अंगावर येताना त्याची मान आधी डावीकडं, मग उजवीकडं वळायची आणि चेंडू पायाला लागला न लागला तोवर पुढच्याकडं गेलेला. शाहू स्टेडियमवर उन्हाळ्यात माती कशी उडते, चेंडू कसा उसळतो ते तुम्हाला सांगायला नको. तसल्या मैदानावर याचा पहिला टच असा मऊ, की चेंडू पायाला चिकटल्यागत वाटायचा. त्याच्या शेजारी आमचा एक जुना, तापट खेळाडू होता. दर सामन्यात पिवळं कार्ड ठरलेलं. हे पोरगं आल्यापासून त्याची कार्डं थांबली! का, तर त्याला आता धावत जाऊन मागून पाय घालावाच लागत नव्हता. मोकळी जागा आधीच भरलेली असायची.

हंगाम संपला, संघाच्या तालमीत बैठक बसली. चहा आला, भजी आली. पोराला पुढच्या वर्षी ठेवायचं का, असा विषय निघाला आणि पहिलाच प्रश्न आला, ‘गोल किती मारलं त्यानं?’ एकही नाही. ‘मग कशाला ठिवायचं? बॉल पुढं न्यायचा सोडून मागं-बाजूला देत बसतंय.’ मी उभा राहून सांगितलं, की त्याच्यामुळं आपल्यावर गोल किती कमी झाले ते मोजा, शेजारचा कसा शांत झाला ते आठवा. ज्येष्ठांपैकी एक जण म्हणाले, ‘मास्तर, प्रेक्षक ह्या असल्या गोष्टींसाठी येत न्हाईत.’ ठराव झाला. पोरगं गेलं. त्याच्या जागी बाहेरून एक दणकट आघाडीवीर आणला. त्यानं गोल केले, नाही असं नाही. पण मधला रस्ता उघडा पडला आणि पुढच्या हंगामात समोरचे संघ आमच्या मध्यफळीतून सरळ चालत गोलपर्यंत जायला लागले. तापट गड्याची कार्डं पुन्हा सुरू झाली. ते पोरगं पुढं फुटबॉल सोडून नोकरीला लागलं. त्याचा खेळ बघितलेले इथं दोन-चार जण बसलेत, माना हलवतायत बघा.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. म्हणजे पत्रिकेवर कबूल केलेलं सगळं आता भराभर सांगावं लागणार.

पहिलं बघायचं ते संघातली जागा. खेळाडू चांगला आहे एवढ्यानं भागत नाही, तो उभा कुठं राहणार? सेबायोस आठवतो? तोही रिअल माद्रिदचाच, तोही आर्सेनलला लोनवर, दोन हंगाम. २०२०च्या एफए कपमध्ये शेफिल्ड युनायटेडविरुद्ध भरपाई वेळेत विजयी गोल त्यानंच केला आणि तो कप आर्सेनलनं जिंकला. गुणी खेळाडू. पण त्याच्या जागेसाठी क्लबनं पार्टेला मोठी किंमत देऊन आणलं होतं आणि झाकाही होताच. त्याला परत पाठवलं, ते बरोबरच होतं. ओडेगार्डच्या जागेवर मात्र ओझिल गेल्यानंतर एकटा स्मिथ रो होता, आणि तो डावीकडूनही खेळू शकत होता. एकाला घेतल्यानं दुसऱ्याची वाट अडत नव्हती.

दुसरं, लोनवर कसं वागवलं गेलं ते तपासा. रेनातो सांचेस २०१६ चा युरो कप जिंकलेला, त्या स्पर्धेतला सर्वोत्तम तरुण खेळाडू. २०१७ मध्ये जर्मनीच्या बायर्ननं त्याला इंग्लिश लीगमधल्या स्वानसीला लोनवर दिलं. ज्या कोचच्या भरवशावर तो गेला त्या क्लेमेंटची डिसेंबरमध्ये हकालपट्टी झाली, मग दुखापत, शेवटी संघच खालच्या विभागात घसरला. जग म्हणालं, पोरगं संपलं. २०२१ मध्ये तोच लीलकडून फ्रान्सची लीग जिंकला. वाट्यानं केलेल्या रानात कुणी शेणखत घालत नाही, तसं लोनवरच्या पोरावर बहुतेक कोच कष्ट घेत नाहीत. आर्टेटानं घेतले आणि फरक तिथं पडला. तेव्हा लोनवर वाईट खेळला म्हणून नाकारण्याआधी कोचला दोन प्रश्न विचारा.

तिसरं, वय आणि पैसा. समजा ३ कोटी पौंडांना खेळाडू घेतला आणि करार पाच वर्षांचा केला, तर क्लबच्या वह्यांत ती किंमत वर्षाला ६० लाख अशी पडते. बावीस वर्षांचा असेल तर करार संपत येताना तो ऐन भरात असतो, विकला तरी पैसा परत येतो. लिंगार्ड तेव्हा २८ वर्षांचा होता. वेस्ट हॅमकडं तो राहिला नाही, युनायटेडला परतला आणि २०२२ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. तिथं लीगमध्ये त्याला एकही गोल करता आला नाही. मला लिंगार्ड आवडतो, त्याच्यावर राग नाही. पण त्या ९ गोलांवर भरवसा ठेवून मोठा करार केला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा.

ओडेगार्ड पुढं २०२२ मध्ये कर्णधार झाला, २०२२-२३ च्या लीगमध्ये त्यानं १५ गोल केले. हे मी पुरावा म्हणून वापरणार नाही. नंतरचं माहीत असताना कुणीही शहाणा असतो. मार्च-एप्रिल २०२१ मध्ये जेवढं दिसत होतं, तेवढ्यावरच तो घ्यायला हवा होता, असं माझं म्हणणं आहे.

शेवटचं, कागद कुणाच्या हातात आहेत? चेल्सीच्या गॅलघरनं २०२१-२२ मध्ये लोनवर क्रिस्टल पॅलेससाठी लीगमध्ये ८ गोल केले, संघ उभा केला आणि चेल्सीनं हंगाम संपताच त्याला परत नेलं. पॅलेस बघत राहिला. जुलै २०२२ पासून फिफानं लोनवर बंधनं आणलीत. एक लोन एका वर्षापेक्षा जास्त नाही, लोनवरचा खेळाडू पुढं तिसऱ्या क्लबला देता येत नाही, एका क्लबनं परदेशातून घ्यायच्या आणि द्यायच्या, एकवीस ओलांडलेल्या खेळाडूंची संख्याही आता सहा-सहावर आलीय. म्हणजे बघू, करू म्हणायला पूर्वीइतका वेळ उरलेला नाही. विकत घेण्याचा हक्क, किमतीसकट, लोनच्या कागदावरच लिहून घ्यायचा असतो. आणि तो मागायची वेळ असते जानेवारीत, समोरच्या क्लबला आपलं पोरगं कुठंतरी खेळायला हवं असतं तेव्हा. आर्सेनलच्या लोनमध्ये तसा हक्क नव्हता. म्हणून उन्हाळाभर थांबावं लागलं. माद्रिदमध्ये झिदान जाऊन अँचेलोत्ती कोच म्हणून आला, ओडेगार्ड तिथं सरावाला हजर झाला, आणि सौदा जाहीर व्हायला २० ऑगस्ट उजाडला. तोवर लीग सुरू होऊन आठवडा झाला होता आणि आर्सेनल पहिला सामना ब्रेंटफर्डकडून ०-२ हरून बसलं होतं.