धुराने घेतलेले जीव

श्रोतेहो, नमस्कार.

२०१५ साली इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर आणि बोर्निओ बेटाच्या कालिमांतान या भागात जंगले आणि दलदली कित्येक आठवडे जळत होत्या. सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र आगीखाली गेले. या आगींत मृत्युमुखी पडलेल्यांची अधिकृत संख्या तीसच्या आत राहिली. पुढच्या वर्षी हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांतील संशोधकांनी त्याच धुराचा हिशेब मांडला, तेव्हा इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर मिळून सुमारे १ लाख माणसांचा अकाली मृत्यू ओढवला असावा, असे त्यांचे अनुमान निघाले. हे अनुमान गणिती प्रारूपावर आधारलेले होते आणि त्याला सरकारी पातळीवरून आक्षेपही घेण्यात आले. तरीही दोन्ही आकडे एकाच आगीचे आहेत. या दोन आकड्यांच्या मध्ये जी माणसे हरवली, त्यांच्याविषयी आज मला बोलायचे आहे.

ती हरवली कशी, हे समजून घेणे अवघड नाही. जंगलाच्या आगीत होरपळून मरणारा माणूस आगीच्या खात्यावर नोंदला जातो. पण धुरातील अतिसूक्ष्म कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात, तिथून रक्तात उतरतात आणि हृदयविकार, पक्षाघात, दमा यांना वाट करून देतात. आगीपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरात एखादी वृद्ध स्त्री दगावते, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार असे लिहिले जाते. त्यात खोटे काही नसते, पण त्या दाखल्यावर धुराला जागा नसते.

मध्य कालिमांतानची राजधानी पालांकाराया येथे त्या ऑक्टोबरमध्ये हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक २,००० च्या आसपास गेला होता. ३०० च्या पुढची हवा धोकादायक समजली जाते. भरदुपारी आकाश पिवळे दिसत होते, शाळा बंद होत्या, आणि लहान मुलांना धुरातून बाहेर काढण्याची वेळ आलीच तर हाताशी असावीत म्हणून युद्धनौका सज्ज ठेवण्यात आल्या होत्या. देशभरात ५ लाखांहून अधिक लोकांना श्वसनमार्गाच्या तीव्र संसर्गाने गाठले. ज्यांना शक्य होते, त्यांनी कुटुंबासह दुसरे शहर गाठले. ज्यांच्या घराच्या भिंती फळ्यांच्या होत्या आणि फटींतून धूर आत येत होता, ते ओले कापड नाकातोंडाला लावून बसून राहिले.

त्याआधीची मोठी आग १९९७ ची. त्या आगीविषयीचे एक संशोधन मी वाचले तेव्हापासून ते माझ्या मनातून जात नाही. अर्थशास्त्रज्ञ सीमा जयचंद्रन यांनी २००० सालच्या इंडोनेशियाच्या जनगणनेत निरनिराळ्या महिन्यांत जन्मलेली मुले किती आहेत, हे तपासले. जी मुले धुराच्या काळात आईच्या पोटात होती किंवा नुकतीच जन्मली होती, त्यांची संख्या अपेक्षेपेक्षा कमी भरली. हा फरक सुमारे १५,६०० मुलांचा होता, आणि गरीब भागांत तो अधिक ठळक होता. या मुलांचे मृत्यू आगीचे बळी म्हणून कुठेही लिहिलेले नव्हते. जिवंत मुलांच्या यादीत पडलेल्या खिंडारावरून ते शोधावे लागले.

श्रोतेहो, इथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. वर्षावन तर बारमाही ओले असते, मग ते पेटते कसे? विषुववृत्तालगतचे घनदाट अरण्य आपणहून क्वचितच पेटते, आणि म्हणूनच तिथल्या झाडांना आगीची सवय नाही. त्यांची साल पातळ असते. अशा जंगलात शिरलेली पहिली आग दिसायला किरकोळ असते: ज्वाळा गुडघ्यापर्यंतही पोहोचत नाहीत आणि पालापाचोळा जाळत ती अगदी संथ सरकते. परंतु पातळ सालीच्या खोडाला तेवढी धग पुरते, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मोठमोठे वृक्ष उभ्या उभ्या वाळून कोसळतात. छत विरळ झाल्याने ऊन जमिनीपर्यंत येते, पाचोळा वाळतो आणि मेलेल्या लाकडाचे सरपण होते. दुसरी आग येते, तेव्हा ती पहिलीसारखी संथ नसते.

ठिणगी माणसाची असते. झाडे तोडायची, वाळू द्यायची आणि पेटवून द्यायची, ही तेलताडाच्या मळ्यासाठी, कागदाच्या लगद्याच्या लागवडीसाठी किंवा गुरांच्या कुरणासाठी जमीन मोकळी करण्याची सर्वांत स्वस्त रीत आहे. माझ्या मते ‘स्वस्त’ हाच या साऱ्या प्रकरणातील सर्वांत फसवा शब्द आहे, कारण जमीन ज्याला मिळते तो किंमत मोजत नाही. जागतिक बँकेने २०१५ च्या आगींमुळे इंडोनेशियाचे झालेले आर्थिक नुकसान सुमारे १६ अब्ज डॉलर इतके काढले होते.

इंडोनेशियातील धूर इतका भयंकर असण्याचे कारण मात्र झाडांपेक्षा झाडांखालच्या जमिनीत आहे. तिथल्या दलदलीत हजारो वर्षे पाला, मुळे आणि लाकूड पाण्याखाली अर्धवट कुजत साचले आहे. या थराला पीट म्हणतात, आणि काही ठिकाणी त्याची खोली दहा मीटरहून अधिक आहे. पाण्यात आहे तोवर पीट पेटत नाही. पाणी काढून घेतले की तो कोळशाचा भाऊ. १९९६ मध्ये सुहार्तो यांच्या सरकारने मध्य कालिमांतानमधील सुमारे १० लाख हेक्टर दलदलीवर भातशेती करण्याची योजना हाती घेतली आणि पाणी काढण्यासाठी हजारो किलोमीटर कालवे खोदले. भात पिकले नाही, पण जमीन कोरडी पडली. पुढच्याच वर्षी एल निनोमुळे पाऊस लांबला, आणि ही जमीन पेटली ती खालून, धुमसत. अशा आगीवर वरून ओतलेले पाणी फारसे कामाचे नसते. आग विझवणारे जमिनीत नळी खुपसून पाणी आत सोडतात, आणि दोन दिवसांनी दुसऱ्याच जागेतून धूर निघू लागतो. १९९७ मधील या आगींतून इंडोनेशियात ८१ कोटी ते २५७ कोटी टन कार्बन हवेत गेला असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जगाने त्या काळात वर्षभर जाळलेल्या कोळसा, तेल आणि वायूतून बाहेर पडणाऱ्या कार्बनच्या १३ ते ४० टक्के एवढा तो होतो.

प्राण्यांची मोजदाद तर आणखी अवघड. बोर्निओतील तुआनान येथे संशोधकांनी २०१५ च्या धुराच्या आधी, दरम्यान आणि नंतर ओरांगउटान नरांच्या हाका ध्वनिमुद्रित केल्या होत्या. धुरात त्यांचे हाका देणे कमी झाले आणि आवाज घोगरा झाला. आकाश निवळल्यावरही काही आठवडे तो पूर्ववत झाला नाही. ज्यांच्याविषयी हे समजले ते नर चारच होते, आणि तेही त्यांचे आवाज आधीपासून टिपले जात होते म्हणून.

अ‍ॅमेझॉनची कथा जमिनीच्या बाबतीत वेगळी, पण धुराच्या बाबतीत तीच. १९ ऑगस्ट २०१९ रोजी ब्राझीलच्या साओ पाउलो शहरावर दुपारी तीनच्या सुमारास अंधार दाटला. ढगांत दूरवरच्या आगींचा धूर मिसळला होता. २०२४ मध्ये उष्णकटिबंधातील सुमारे ६७ लाख हेक्टर आदिम वन नष्ट झाले, आणि त्यातील जवळजवळ निम्म्या हानीला आग कारण ठरली. हे प्रमाण पूर्वी कधीच इतके नव्हते.

कालिमांतानमध्ये आता कालव्यांवर लहान लहान बांध घातले जात आहेत, म्हणजे उतरलेले पाणी पुन्हा दलदलीत चढेल. इंडोनेशियाच्या नियमानुसार पीट जमिनीतील पाण्याची पातळी पृष्ठभागाखाली ४० सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ द्यायची नाही. २०१९ च्या कोरड्या ऋतूत ती अनेक ठिकाणी त्याहून खाली गेली, आणि देशात १६ लाख हेक्टर क्षेत्र पुन्हा जळले. कोरडा ऋतू सुरू झाला की दलदलीत रोवलेल्या नळ्यांमध्ये मोजपट्टी सोडून पाणी किती उतरले ते पाहिले जाते. आग लागण्याच्या आधी घेता येणारी नोंद ती एवढीच.