सम कुठे आहे, तेवढं आधी सांगा

नमस्कार. तरुण मुलं शास्त्रीय संगीताकडे का येत नाहीत, यावर बोलावं असा संयोजकांचा आग्रह होता. मला प्रश्न थोडा वेगळा दिसतो. मुलं येतात. कुणी आईबाबांबरोबर येतं, कुणी मैत्रिणीच्या आग्रहाखातर, कुणी कॉलेजमधला कार्यक्रम म्हणून. एकदा तरी बहुतेक जण येऊन जातात. ती दुसऱ्यांदा का येत नाहीत, याचा विचार आपण करायला हवा.

माझ्या मते कारण एकच आहे. पहिल्या वेळी नेमकं काय ऐकायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

यावं का, याची कारणं मात्र आपण भरपूर देतो. हा आपला वारसा आहे, यानं एकाग्रता वाढते, अभ्यासाला मदत होते, मन शांत होतं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यात सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हेही आपण मुलांना सांगतो. मला स्वतःला त्याचा फार अभिमान आहे. पण अभिमानानं कान तयार होत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलासमोर वारसा हा शब्द उच्चारला की एक जबाबदारी अंगावर आल्यासारखं त्याला वाटतं. आणि मन शांतच करायचं असेल तर झोपही पुरते. त्यानं गाण्याला यावं ते गाण्यासाठी.

तेव्हा आता थोडं प्रत्यक्ष करू. हात मांडीवर ठेवा. त्रिताल घेऊ. सोळा मात्रा, म्हणजे सोळा ठोके, चार-चारचे चार विभाग. पहिल्या मात्रेला टाळी, हीच सम, इथूनच तालाची प्रत्येक फेरी, म्हणजे आवर्तन, सुरू होते; पाचवीला टाळी, नवव्या मात्रेला हात बाजूला, तिला 'खाली' म्हणतात, आणि तेराव्या मात्रेला पुन्हा टाळी. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. तबल्यावर आमचे मित्र बसलेच आहेत, ठेका चालू राहू द्या.

आता टाळ्या थांबवा आणि फक्त डग्गा ऐका. डाव्या हाताचा तो घुमारा. पहिल्या नऊ मात्रा तो सोबत आहे. दहाव्या मात्रेला 'तिं' आला आणि घुमारा गेला. ऐकलंत? तबला एकदम कोरडा, उघडा वाटायला लागला. चार मात्रा तसंच. मग चौदाव्या मात्रेला 'धिं' आला, डग्गा परत बोलला, आणि सम तीन मात्रांवर आली. मोजायची गरजच नाही. ज्यानं हा ठेका बांधला त्यानं ऐकणाऱ्यासाठी खूण आतच ठेवून दिली आहे.

आता यावर बंदिश, म्हणजे तालात बांधलेलं गाणं, ठेवू. मध्यलयीतल्या कितीतरी बंदिशी खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतात. आठ मात्रांचा मुखडा, म्हणजे बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, आणि त्याचं टोक बरोबर समेवर. गायक तान घेत दूर निघून जातो, वाटतं आता हा परत येत नाही. तिकडे डग्गा गप्प होतो, गायक कुठूनसा मुखडा पकडतो, डग्गा परत येतो, आणि सम! पाहा, तुमच्या माना हलल्या. मी कुणालाही मान हलवायला सांगितलं नव्हतं.

एवढंच मी मुलांपुढे करतो. रागाची व्याख्या नाही, घराण्यांचा इतिहास नाही. समेची वाट पाहायला शिकलेला मुलगा पुढचा अर्धा तास मोबाइलला हात लावत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. या पिढीला धीर नाही, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अजिबात मान्य नाही. ही मुलं एकेका खेळापुढे तासन्‌तास बसतात, कारण आता काय होणार याची त्यांना उत्सुकता असते. आपल्या संगीतात ही उत्सुकता दर आवर्तनाला निर्माण होते. फक्त ती कुठे आहे हे बोट ठेवून दाखवावं लागतं.

विलंबिताचं, म्हणजे संथ लयीतल्या गाण्याचं काय, असं तुम्ही विचाराल. खरी गळती तिथेच होते. विलंबित एकतालाच्या मात्रा बारा, पण लय अगदी ठाय असली तर एक आवर्तन मिनिटाच्या आसपास जातं. नवखा माणूस हरवतो. त्यावर आयोजकांनी काढलेला उपाय म्हणजे 'तरुणांसाठी' म्हणून विलंबित गाळून टाकायचं आणि थेट द्रुतावर यायचं. हा उपाय मला घातक वाटतो. राग उलगडतो तो विलंबितात. तोच काढला तर मुलांच्या हाती फक्त वेग लागेल, आणि वेग त्यांना इतर ठिकाणी हवा तेवढा मिळतो. त्यापेक्षा इथेही खूण दाखवा. एकतालाच्या ठेक्यात 'तिरकिट' दोनदा येतो, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. पहिल्यानंतर 'तू ना' येतं, दुसऱ्यानंतर 'धी ना', आणि मग सम. दुसरा तिरकिट ओळखू आला की माणूस सावरून बसतो.

आता शिक्षकांशी थोडं बोलायचं आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि गाणं शिकण्याची वाट सामान्य घरातल्या मुलामुलींसाठी मोकळी झाली. त्या कामाचं ऋण मोठं आहे. त्या वाटेवर पुढे परीक्षा आल्या. आज प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढणारी मुलं पुष्कळ आहेत. पण मध्यमा झालेल्या मुलीनं एकही मैफल शेवटपर्यंत ऐकलेली नाही, असं मला अनेकदा आढळतं. तिला वादी-संवादी, म्हणजे रागातले मुख्य स्वर, लिहिता येतात. कानाला ते कळतात का?

याची एक साधी चाचणी आहे. भूप आणि देशकार हे दोन राग. दोन्हींत स्वर तेच पाच, सा रे ग प ध. मी आधी नाव सांगत नाही. एकदा गंधारावर, म्हणजे 'ग'वर थांबत, षड्जाकडे, म्हणजे 'सा'कडे झुकत गातो. मग तेच स्वर घेऊन धैवतावर उभा राहतो, वरच्या सा भोवती फिरतो, रिषभाला नुसता निसटता स्पर्श करतो. आणि विचारतो, हे एकच गाणं वाटतं का? ज्यांनी कधी सरगमही म्हटलेली नाही अशी मुलं सांगतात की दुसरं जास्त उजळ आहे, सकाळसारखं आहे. देशकार सकाळचा राग आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. सगळेच असं म्हणतात असं नाही, पण दोन्हींत फरक आहे हे जवळजवळ सगळ्यांच्या कानाला लागतं. त्यानंतर 'वादी' हा शब्द सांगा. तो पाठ करावा लागत नाही.

माझी विनंती एवढीच, की क्लासमध्ये आठवड्यातला एक तास गाणं बंद ठेवून फक्त ऐकण्याला द्या. सुरुवातीला जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या घ्या. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावत, आणि तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेब रागाचा चेहरा पुरता उभा करतात. तीच तबकडी तीनदा लावा. दर वेळी मुलांना नवीन काहीतरी सापडतं आणि ती ते एकमेकांना सांगू लागतात.

फ्युजनबद्दल विचारलं जातं, म्हणून दोन शब्द. माझा विरोध नाही. नाट्यसंगीतानं आपल्याकडे हेच केलं होतं. १९१६ च्या 'संगीत स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या आणि ज्यांनी मैफलीचं तोंड पाहिलं नव्हतं त्यांच्या कानात यमन राग जाऊन बसला. पण ती पदं गाणारा गायक मैफलीतही ऐकायला मिळे. पुढची वाट उघडी होती. आज त्या फ्युजनच्या कार्यक्रमानंतर मुलाला पुढे कुठे जायचं हे सांगणारं कुणी हवं.

आणि जागा. मोठ्या सभागृहात, मागच्या रांगेत बसून, भल्यामोठ्या स्पीकरमधून तानपुरा ऐकू येत नाही, नुसता गुणगुणाट येतो. डॉ. किरण सेठ यांनी १९७७ मध्ये दिल्लीच्या आयआयटीतून स्पिक मॅकेचं, म्हणजे शास्त्रीय संगीत विद्यार्थ्यांपर्यंत नेणाऱ्या चळवळीचं, काम सुरू केलं. त्यातली मला सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की मोठमोठे कलावंत विद्यार्थ्यांच्या जागेत गेले आणि मुलं समोर जमिनीवर बसली. चार हातांवरून तानपुरा जुळताना ऐकणं, हातोडीनं तबला सुरात येताना पाहणं, गायकाचा श्वास ऐकू येणं, याला पर्याय नाही. वीस-पंचवीस जणांची बैठक, माइक नाही, घरातला दिवाणखानाही चालेल.

मोठ्या महोत्सवांच्या संयोजकांनी पुढच्या दोन रांगा विद्यार्थ्यांसाठी ठेवाव्यात. निमंत्रितांना थोडं मागे बसायला हरकत नसावी. त्यांचे कान तयार आहेत. आणि कलावंतांनी गायला सुरुवात करण्याआधी दोन वाक्यं बोलावीत. राग कोणता, ताल कोणता, आणि मुखड्यातल्या कोणत्या अक्षरावर सम आहे. ते अक्षर एकदा टाळी देऊन म्हणून दाखवावं, मग षड्ज लावावा.