पडदे नसलेल्या फळीवरच्या रेघा

(दृश्य: फळीवर ताणलेली तार. तिच्यावरून सरकणारी काचेची नळी.)

एका टोकाला नट, म्हणजे तार जिथे टेकते तो टेकू, म्हणून बसवलेला जाड बोल्ट, दुसऱ्या टोकाला टेकू म्हणून लाकडाची घोडी आणि मध्ये ताणलेली तार. घरी केलेल्या स्लाइड गिटारला याहून फारसं काही लागत नाही. पडदे, म्हणजे गिटारच्या फळीवर असतात त्या धातूच्या आडव्या पट्ट्या, ठोकायचे नसतात, कारण इथे तार दाबायचीच नाही. स्लाइड, म्हणजे काचेची नळी किंवा स्टीलचा दांडा, तारेला नुसता टेकवायचा आणि सरकवायचा. गिटार मांडीवर आडवी घेऊन अशी वाजवण्याच्या शैलीचं श्रेय सहसा हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू यांना दिलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची ही गोष्ट.

पडदे नकोत, पण रेघा हव्यात. हाताला स्वराची जागा सवयीची होईपर्यंत डोळ्यांना काहीतरी आधार लागतोच.

(दृश्य: बोल्टच्या माथ्यावर टेकलेली तार, शेजारी मोजपट्टी.)

आधी तारेची लांबी मोजू. फळीची नव्हे, वाजणाऱ्या तारेची. बोल्टच्या माथ्यावर तार जिथे टेकते तिथून घोडीवर टेकते तिथपर्यंत. आकडे सोपे जावेत म्हणून ती 600 मिलिमीटर धरू.

तार निम्मी केली की कंपनं दुप्पट होतात आणि वरचा सा मिळतो. म्हणून बारावी रेघ बरोबर 300 मिलिमीटरवर. सा ते सा या अंतरात सारख्या बारा पायऱ्या हव्यात, तर प्रत्येक पायरीला कंपनं 1.05946 पटीने वाढायला हवीत. बारा वेळा हीच पट घेतली की दुप्पट होते. 600 ला या आकड्याने भागलं की 566.3 उरतात. म्हणजे पहिली रेघ नटपासून 33.7 मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीला पुन्हा भागायचं, आणि असंच पुढे. पाचवी रेघ 150.5 वर येते, सातवी 199.5 वर. रेघा घोडीकडे दाट होत जातात: चोविसाव्या रेघेपाशी दोन रेघांमध्ये जेमतेम 9 मिलिमीटर उरतात.

फळीवर खुणा करताना मात्र प्रत्येक अंतर नटपासूनच मोजायचं. एका रेघेपासून पुढची रेघ मोजत गेलात, तर पेन्सिलीच्या टोकाएवढी चूक प्रत्येक पायरीला साठत जाते.

हेच काम पूर्वी अपूर्णांकाने व्हायचं. उरलेल्या लांबीचा अठरावा भाग घ्या, पडदा बांधा, पुन्हा अठरावा भाग घ्या. व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी, म्हणजे गॅलिलिओच्या वडिलांनी, 1581 मध्ये छापलेल्या ग्रंथात ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्यासाठी हे प्रमाण दिलं आहे. आपल्या तारेवर ते वापरलं तर बारावी रेघ 300 ऐवजी 297.8 वर पडते. पडद्यावर तार दाबली की ती ताणली जाऊन स्वर किंचित चढतो, त्यामुळे ल्यूटवर ही तूट बरीचशी झाकली जाते. स्लाइडवर दाबणंच नाही, तेव्हा झाकणारंही कोणी नाही. वरचा सा सरळ उतरलेला ऐकू येतो.

(दृश्य: तारेला हलकेच टेकलेलं बोट. स्वर घुमतो.)

आता हिशेब बाजूला ठेवू, कारण काही जागा तार स्वतःच दाखवते. 300 वर बोट अलगद टेकवून तार छेडा आणि लगेच बोट उचला. स्वच्छ वरचा सा घुमला, तर मोजमाप बरोबर. 200 वर, म्हणजे तारेच्या तिसऱ्या हिश्श्यावर, तसंच करा: वरच्या सप्तकातला पंचम. आणि त्याच जागी स्लाइड ठेवली तर खालचा शुद्ध पंचम. आपली सातवी रेघ तिथून अर्धा मिलिमीटर अलीकडे आहे. कान तेवढं सोडून देतो.

गंधाराचं तसं नाही. पाचवा हिस्सा येतो 120 वर, आणि स्लाइडला शुद्ध गंधार तिथेच मिळतो. चौथी रेघ मात्र 123.8 वर. जवळजवळ 4 मिलिमीटरांचा फरक! रेघेवर वाजवलेला गंधार चढलेला लागतो, आणि एकदा कानाला ते कळलं की पुन्हा दुर्लक्ष होत नाही. मी तरी चौथ्या रेघेच्या अलीकडे एक ठिपका देईन. पडदा ठोकलेल्या गिटारीला ही चैन नाही.

(दृश्य: कॅमेरा फळीच्या बाजूने वर चढत तारेच्या बरोबर वर येतो. रेघ सरकल्यासारखी दिसते.)

डोळाही फसवतो. स्लाइड फळीला लागू नये म्हणून तार उंच असते. ती 10 मिलिमीटर उंच असेल आणि नजर 20 अंश तिरकी असेल, तर रेघ साडेतीन मिलिमीटरांहून जास्त सरकलेली दिसते. अख्ख्या गंधाराएवढी गफलत. म्हणून वरून, सरळ खाली पाहायचं. स्लाइडचा मध्य रेघेच्या बरोबर वर. बोट पडद्याच्या मागे ठेवायची गिटारची सवय इथे उपयोगाची नाही.

तारा एकाहून जास्त असतील आणि त्या सा, ग, प अशा मिळवल्या असतील, तर गंधाराचा प्रश्न खुंट्यांवरच सुटतो. मोकळ्या तारा कानाने शुद्ध लावा. आडवा दांडा कुठेही नेला तरी त्यांचं आपसातलं नातं तेच राहतं. मग पाचवी, सातवी आणि बारावी, या तीन रेघा ठळक रंगवल्या तरी पुष्कळ गाणी निघतात. बाकीच्या पेन्सिलीने पुसट ठेवा. घोडी सरकवता येण्यासारखी असेल, तर रंग लावण्याआधी 300 चा स्वर पुन्हा एकदा तपासा आणि मगच घोडी पक्की करा.