७४ आणि ५१

हा थायलंडचा पूर्व किनारा, रायोंग आणि चोनबुरी प्रांत. २००३ मध्ये इथे १८ ते ३० वयाच्या १६ हजारांहून जास्त लोकांनी दंड पुढे केला, अर्ध्यांना एचआयव्हीची लस आणि अर्ध्यांना फक्त दिसायला तसंच इंजेक्शन, आणि कोणाला काय मिळालं हे टोचून घेणाऱ्याला पण माहीत नाही आणि टोचणाऱ्याला पण नाही. मग तीन वर्षं दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. लशीत एचआयव्ही नव्हताच, विषाणूचे काही तुकडे तेवढे होते, त्यामुळे लशीमुळे लागण व्हायचा प्रश्नच नव्हता.

सप्टेंबर २००९ ला निकाल आला. लस न मिळालेल्यांत ७४ जणांना लागण, लस मिळालेल्यांत ५१. साधारण ३१ टक्के संरक्षण. एवढ्यावर लस बाजारात येत नाही, पण एचआयव्हीची लस माणसात थोडंतरी काम करते हे पहिल्यांदाच दिसलं होतं. १९८४ ला अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर म्हणाल्या होत्या की दोनेक वर्षांत लस चाचणीला तयार होईल, आणि इथवर यायलाच पंचवीस वर्षं गेली.

का बरं? गोवर घ्या. एकदा होऊन गेला की शरीर त्याला कायमचं ओळखतं, लस तेच काम आजार न होऊ देता करून घेते. एचआयव्हीत शरीराकडून शिकायला तसा धडाच मिळत नाही, कारण शरीर हा विषाणू आपणहून पूर्ण काढून टाकतंय असं जवळजवळ कधीच होत नाही. लढत नाही असं नाही हां, पहिल्या काही आठवड्यांत लागण झालेल्या पेशींना मारणाऱ्या टी पेशी विषाणूचं प्रमाण बरंच खाली आणतात, विषाणूला चिकटणाऱ्या अँटीबॉडी पण तयार होतात, पण तोवर विषाणू पेशींच्या डीएनएत जाऊन बसलेला असतो, आणि कुठल्या पेशी तर सीडी४, ज्या बाकीच्या सगळ्या फौजेला कामाला लावतात. शिवाय त्याच्या अंगावरचे काटे आपल्याच पेशींनी बनवलेल्या साखरेने झाकलेले, त्यामुळे शरीराला ते परके वाटतच नाहीत. आणि बदलतो तर इतक्या वेगाने की आज तयार झालेली अँटीबॉडी काही महिन्यांपूर्वीच्या विषाणूला बसते, आत्ताच्या नाही.

थायलंडमधल्या लोकांचं जपून ठेवलेलं रक्त नंतर परत तपासलं, तेव्हा कळलं की काट्याच्या एका ठरावीक भागावर चिकटणाऱ्या अँटीबॉडी ज्यांच्यात जास्त, त्यांना लागण कमी. पहिल्या वर्षी संरक्षण जास्त होतं, मग ओसरत गेलं. म्हणून तीच पद्धत, तिथल्या विषाणूला जुळवून, दक्षिण आफ्रिकेत २०१६ पासून ५,४०७ लोकांवर करून बघितली. जानेवारी २०२० मध्ये ती चाचणी थांबवावी लागली, लस घेतलेल्यांत १२९ जणांना लागण आणि न घेतलेल्यांत १२३. हे आकडे वाचताना आजही वाईट वाटतं.

तरी एक गोष्ट खरी आहे. लागण झालेल्या काही जणांच्या शरीरात दोन-तीन वर्षांनी अशा अँटीबॉडी तयार होतात ज्या जगभरातल्या वेगवेगळ्या एचआयव्हीला अडवतात. त्यांच्यासाठी उशीर झालेला असतो, विषाणू आत ठाण मांडून बसलाय, पण माणसाचं शरीर ही अँटीबॉडी बनवू शकतं हे तर कळलं ना! आता प्रयत्न असा आहे की त्या अँटीबॉडीची सुरुवात ज्या दुर्मिळ बी पेशीपासून (अँटीबॉडी बनवणारी पेशी) होते तिलाच पहिल्या डोसने जागं करायचं आणि पुढच्या डोसांनी तिला एकेक पायरी चढवत न्यायचं. पहिली पायरी जमलीये, २०२२ मध्ये छापून आलेल्या एका छोट्या चाचणीत लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांच्यात ती पेशी जागी झाली. पुढच्या बऱ्याच पायऱ्या बाकी आहेत.

आणि हे सगळं कोणाच्या जिवावर? पुण्यात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००५ ला एचआयव्ही लशीची भारतातली पहिली चाचणी सुरू झाली तेव्हाही निरोगी माणसं आपणहून पुढे आली होती. अशा चाचणीत गेलेल्या माणसाची साधी एचआयव्ही टेस्ट पुढे कित्येक वर्षं पॉझिटिव्ह येऊ शकते, लागण नसताना, फक्त लशीने बनवलेल्या अँटीबॉडीमुळे. मग रक्तदान करायचं, परदेशी नोकरीची मेडिकल द्यायची, सगळीकडे समजावून सांगत बसा, म्हणून त्यांच्यासाठी अँटीबॉडी नाही तर थेट विषाणूच शोधणारी वेगळी टेस्ट करावी लागते.